हलत्या चित्राचा अंदाज

वाल्मिकने कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं, तशी शेडमधली सहाही माणसं पुन्हा ताठ उभी राहिली. धाऊने तर सदऱ्याचं वरचं बटणही लावलं. वाल्मिकने कपाळावर हात मारला.

आठवडाभर हेच चाललं होतं. साजगावच्या या रसायनांच्या शेडमधलं चित्र मुंबईच्या कचेरीत दिसायला हवं होतं, म्हणजे काही बरंवाईट घडलं तर साहेबांना तिथे बसून कळेल. त्यासाठी केवढ्या क्षमतेची टेलिफोन लाइन लागेल, तो आकडा वाल्मिकने संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. चित्रात जे हलेल तेवढंच लाइनवरून पाठवायचं, अशी यंत्राची युक्ती. जास्त हललं की मीटरचा काटा चढायचा. पण इथे हलतंय कोण? लग्नाच्या फोटोला उभं राहावं तशी माणसं, आणि काटा तळाशी. मुंबईला मात्र हा आकडा फार आवडला होता. लहान लाइन म्हणजे स्वस्त लाइन. ऐन वेळी काटा चढून चित्रच फुटलं तर काय चाटायची ती लाइन, म्हणून वाल्मिक चरफडत होता.

त्याने समजावलं, विनवलं, चहा पाजला. शेवटी त्याचा तोल सुटला.

"धाऊदादा, उद्या इथे वायू सुटला तर असेच उभे राहणार का?"

"नाय. पळू की."

"मग पळून दाखवा. आत्ता."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी हसलं. मग धाऊ खरंच धावत सुटला आणि त्याच्यामागून बाकीचे पाचजण. काटा असा उसळला की वाल्मिकचा आठवड्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने घाईघाईने आकडा टिपला. नेहमीच्या आठपट होता.

मान वर केली तोवर काटा पुन्हा तळाला टेकला होता. सहाहीजण मागच्या दाराशी उभे होते.

"थांबलात का?" त्याचा आवाज पुन्हा चढला.

"कुलूप हाय," धाऊ म्हणाला. "मालाची चोरी झाली तवापासून."

"मग पुढच्या दाराने जायचं."

"टाक्या तितंच हायेत, साहेब. वायू तितनंच सुटंल."

वाल्मिकने पेन्सिल खाली ठेवली.

"किल्ली कुणाकडे असते?"

"मुंबईच्या कचेरीत," धाऊ म्हणाला.