सरकारांचं चित्र

"माझं. चित्र. कुठंय?"

एकेक शब्द जिभेवरून ओढून आणावा लागतो, म्हणून सरकार सहसा बोलत नसत. आज बोलले, म्हणजे मामला गंभीर होता. टेबलावर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. मधला कागद गायब होता.

"फ्रेम केलं!" स्टुडिओतली सगळ्यांत लहान, धाकटी, उत्साहानं म्हणाली. "इतकं सुंदर झालं होतं. शनिवारच्या प्रदर्शनात पहिल्याच भिंतीवर लावणार आहे."

सरकारांनी तळहाताला पट्ट्यानं बांधलेला ब्रश टेबलावर दोनदा आपटला, चाकांची खुर्ची गर्रकन वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

'सरकार' हे नाव त्यांना बहिणीनं दिलेलं. घरात त्यांच्या मंजुरीशिवाय पंखासुद्धा सुरू व्हायचा नाही. अपंग चित्रकारांच्या या स्टुडिओत ते पहिल्या दिवसापासूनचे. स्टुडिओ म्हणजे काय, तर जुन्या गॅरेजची एक लांबलचक खोली. स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंनी ती झाडून, रंगवून उभी केली होती. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे बाई लेकीकडे राहायला चालल्या होत्या आणि शनिवारपासून स्टुडिओ धाकटीच्या हाती जाणार होता. धाकटी कुबड्या टेकत शाळकरी वयात इथं आली आणि याच टेबलावर चित्रं काढत मोठी झाली. तिच्या निवडीला स्टुडिओच्या कमिटीत नाकं मुरडणारे कमी नव्हते. "आधी कुबड्या सांभाळेल की स्टुडिओ?" असंही कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा हे प्रदर्शन म्हणजे तिची परीक्षाच होती.

"बाई, तुम्ही समजवा ना त्यांना," ती कुजबुजली. "तुमचं ऐकतात."

ऐकलंही असतं. बाईंनी पाठीवर हात ठेवून दोन थट्टा केल्या असत्या की गाडी रुळावर आली असती. त्यांचे हात शिवशिवतही होते. पण सरकार फक्त बाईंचं ऐकतात, हीच तर खरी पंचाईत होती. शनिवारनंतर बाई कुठे असणार होत्या?

"मी चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या ओट्याकडे गेल्या.

धाकटी टकटक करत मागोमाग आली. "बाई, ते चित्रातल्या त्या पिवळ्या रंगावर काळं फासणार होते. काळा रंग ढवळताना मी स्वतः बघितलं त्यांना. चित्राचं वाटोळं झालं की कमिटी माझ्या तोंडाला फासेल!"

"फासेल खरी."

"मग? तुम्ही नुसत्या बघत बसणार?"

बाईंनी गॅस बारीक केला. "खरं सांगू? ते पिवळं मलाही फार आवडलं होतं गं. काल तू उचललंस तेव्हा मी इथंच होते. मनात म्हटलं, बरं झालं."

धाकटीनं एक कुबडी ओट्याला टेकवली. मग हळूच म्हणाली, "त्यांना कुणी विचारलंच नाही."

"दोघींनीही नाही."

ती वळून गेली. फ्रेम काखेत दाबून, एकाच कुबडीवर तोल सावरत परत आली. बाई मदतीला दोन पावलं पुढे आल्या आणि पुन्हा ओट्याकडे वळल्या. धाकटीनं पकडीनं एकेक खिळा काढला, काच बाजूला ठेवली आणि कागद टेबलावर चिकटवला.

"सरकार, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

तिनं शेजारी स्टूल ओढलं. ती तिथंच बसून राहिली. मग म्हणाली, "माझ्या चित्राला कुणी न विचारता हात लावला असता, तर मी कुबडी फेकून मारली असती."

"मारलेलीस," सरकार म्हणाले. "मला."

धाकटी खो खो हसत सुटली. खुर्ची वळली.

सरकारांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि त्या झकास पिवळ्यावरून सावकाश ओढला. धाकटीनं ओठ दातांखाली धरला, पण मांडीवरचा हात हलू दिला नाही. शेवटी तिनं विचारलं, "शनिवारी तिथं बसून काढाल? सगळ्यांसमोर?" आणखी एक फटकारा मारून त्यांनी होकाराची मान हलवली.

शनिवारी पहिली भिंत रिकामीच होती. तिच्यापुढे टेबल मांडून सरकार काम करत होते. पिवळं आता एका कोपऱ्यापुरतं उरलं होतं, आणि काळ्याच्या शेजारी ते आधीपेक्षा उजळ दिसत होतं, हे बाईंना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. भोवती गर्दी जमली. कमिटीतले एक गृहस्थ सरळ बाईंकडे आले.

"काय हो बाई, हे पूर्ण कधी होणार?"

सवयीनं बाईंनी तोंड उघडलं.

"ते समोरच बसलेत," धाकटी पलीकडून म्हणाली. "त्यांनाच विचारा ना."

गृहस्थ गडबडले. मग वाकून त्यांनी तोच प्रश्न सरकारांना विचारला. सरकारांनी ब्रश थांबवला. ओठ हलले, मान ताणली गेली, पण शब्द येईना. कुणीतरी मागून सुचवायला गेलं, तर धाकटीनं नजरेनंच त्याला गप्प केलं. सगळे ताटकळत उभे राहिले.

"बघू," सरकार म्हणाले आणि पुन्हा कागदावर वाकले.

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जवळची खुर्ची ओढून ते चित्रासमोर बसले. बाईंना एकदम हलकं वाटलं, आणि थोडं एकटंही. आता इथं त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. मागच्या रांगेत एक जागा रिकामी दिसली. पदर सावरत बाई पाहुण्यांमध्ये जाऊन बसल्या.