पाराश्किवा व्हेनिसला आली

दक्षिण इटलीतल्या बारी शहरी संत निकोलाच्या दर्शनाला निघालेली गावची बस संध्याकाळपर्यंत व्हेनिसला थांबणार होती. रुमानियातल्या गावाहून दोन रात्री बसून पाराश्किवा त्याच बसने आली. तिची मुलगी रुक्सांद्रा इथं एका म्हाताऱ्या बाईची, सिन्योराची, तिच्या घरी राहून देखभाल करते. चार वर्षांत मायलेकींची भेट नव्हती.

रुक्सांद्राने गयावया करून दुपारची सुटी मिळवली होती.

"आई, पाय उचल. आधी रिआल्तोचा पूल, मग सान मार्कोचा चौक, मग बोट."

"अगं, तुला नीट बघू तरी दे. किती वाळलीस!"

"बोटीत बघ. परत कधी येणार आहेस तू?"

रिआल्तोच्या पुलावर आईचा फोटो काढायला रुक्सांद्रा जरा मागं सरकली. मधूनच पर्यटकांचा लोंढा आला. तो ओसरला तेव्हा कठड्याशी आई नव्हती.

आईजवळ मोबाइल नाही, इटालियनचा एक शब्द येत नाही. रुक्सांद्रा मासळीबाजारातून हाका मारत धावली. प्रत्येक गल्ली पाण्याशी येऊन संपत होती आणि प्रत्येक वेळी ती आधी पाण्यात वाकून बघत होती. पोलिसाला तिने सांगितलं, "डोक्याला फुलाफुलांचा रुमाल."

"बाई, तसे रुमाल सकाळपासून बसभर पाहिलेत मी."

बसबरोबर आलेल्या गावच्या पाद्रीबाबांनी फोनवर सांगितलं, "पोरी, बस थांबवता येणार नाही गं."

तेवढ्यात सिन्योराचा फोन आला. "तुझी आई माझ्या स्वयंपाकघरात बसलीय. काय बोलते देव जाणे."

रुक्सांद्रा धापा टाकत पोचली. "जीव गेला असता माझा! आलीस कशी?"

"चार वर्षं तुला पार्सलं पाठवतेय. पत्ता पाठ आहे. कान्नारेज्जो, कान्नारेज्जो म्हणत आले. पूल बघून काय करू? तू निजतेस कुठं ते बघायचं होतं."

फ्रिज आणि भिंत यांच्या मधे घडीची खाट होती. फोनवर रुक्सांद्राने कालव्याकडे खिडकी असलेली खोली सांगितली होती. आईने बूट काढले, खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं आणि तिला झोप लागली.

सान मार्को राहिलं होतं, बोट राहिली होती. उठवावं म्हणून रुक्सांद्राने दोनदा हात पुढं केला, दोन्ही वेळा मागं घेतला. मग ती खाली फरशीवर बसली आणि सिन्योराला ऐकू जाऊ नये म्हणून गोधडीचं टोक तोंडात धरून रडली.

शेवटी उठवावंच लागलं. दोघी धावत सुटल्या. बस सुरूच होती. पायरीवर आई वळली.

"सिन्योरा अजून किती वर्षं जगेल गं?"

"आई, असं बोलू नये."

"बोलत नाही. विचारतेय."

पाद्रीबाबांनी आईला आत ओढलं आणि दार लागलं. सिन्योराच्या औषधाची वेळ होऊन गेली होती. बस वळायच्या आतच रुक्सांद्रा माघारी पळाली.