सांधा नसलेलं घर

आई गेली तेव्हा विबेके आर्हुस शहरातून आठवडाभरासाठी म्हणून आली. बाबांना सोबत लागेल, फार तर पंधरा दिवस, असं तिने ती काम करायची त्या वाचनालयात कळवलं होतं. आता अंगणातली सफरचंदं पिकून, गळून, सडूनही गेली होती, आणि ती अजून शाळेत असतानाच्या त्याच अरुंद पलंगावर पाय दुमडून झोपत होती.

बाबांचे, म्हणजे ऑगेंचे, हात शाबूत होते. कंबरेने दगा दिला होता. सकाळी नगरपालिकेची मदतनीस डॉर्टे येऊन त्यांना अंघोळ घालायची, चाकाच्या खुर्चीत बसवायची. बाकीचा दिवस विबेकेचा. राय धान्याचा काळा पाव कापायचा, बटाटे उकडायचे, खुर्ची खिडकीशी न्यायची, खुर्ची टीव्हीपाशी आणायची. वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत होकार दिला नाही तर ती पुढच्या माणसाला जाणार होती. होकार द्यायचा तो ऑगेंनीच, आणि ते दरवेळी "बघू" म्हणून कॉफी मागायचे.

आईचे कपडे आवरताना विबेकेला माळ्यावर लहानपणीच्या, एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या पेट्या सापडल्या. काही ठोकळ्यांवर दातांच्या खुणा होत्या. घट्ट बसलेले ती तेव्हा दातांनी उपसायची. आईच्या शिवणाच्या खोलीत भिंतीला ठोकून बसवलेलं लांबलचक टेबल होतं. ऑगे दुपारी झोपले की ती तिथे ठोकळे मांडून बसू लागली. या गावात त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. कारखानाच ठोकळ्यांचा, आणि टपालवाला साठीला आला तरी घरी रेल्वे स्टेशन बांधत होता.

तिने ठोकळे रंगांप्रमाणे लावले तेव्हा ऑगे खुर्चीतूनच हसले. "वाचनालयात पुस्तकंही रंगाने लावतेस काय? लाल ढिगात लाल ठोकळा कसा सापडणार? आकाराने लाव. रंग डोळ्याला आपोआप दिसतो." ते जन्मभर कारखान्याच्या नमुनाघरात प्रदर्शनाचे मोठे नमुने बांधत आले होते. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तिला जास्त राग आला. तिने ढीग मोडले आणि आकाराने लावले.

ती ठोकळ्यांनी हेच राहतं घर बांधायची. बांधून झालं की मोडायची, कारण ठोकळे तेवढेच होते. पण खरं सुख मोडण्यातच आहे, हे तिला हळूहळू कळलं. दरवेळी घर थोडं वेगळं व्हायचं. कधी स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला, कधी जिनाच नाही. एकदा तिने मुलीची, म्हणजे स्वतःची, खोली ठेवलीच नाही आणि दुपारभर तिला हलकं वाटलं. छप्पर ती नुसतं टेकवायची, म्हणजे आत हात घालता यायचा.

बुधवारी वाचनालयाने तिला भेटायला बोलावलं. ती मैत्रिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतली. सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं तिला सभ्य शब्दांत सांगण्यात आलं होतं.

दारातच उग्र वास आला. लहानपणी बाबांच्या सदऱ्यांना यायचा तो. या दोन दिवसांसाठी घरी थांबलेली डॉर्टे कोट चढवत होती. तिने हळू आवाजात सांगितलं की दोन दिवस ऑगेंनी तिला उसंत म्हणून दिली नाही, हे दे, ते धर, खिडकी उघड. आणि त्यांना असं गुणगुणताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

शिवणाच्या खोलीत ऑगेंनी विबेकेचं ठोकळ्यांचं घर थराथराने उतरवून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं होतं. मात्र आता प्रत्येक थर गोंदाने सांधलेला होता. कोपरे तिच्या हातून कधी आले नसते इतके सरळ होते. छप्परही चिकटवलेलं. विबेकेने एक कौल नखाने उचलून पाहिलं.

"ओढू नकोस," ऑगे म्हणाले. "विरघळून एकजीव होतं ते. निघायचं नाही."

तिने वाकून खिडकीतून पाहिलं. मोरीपाशी तिने सहज उभी केलेली पिवळ्या डोक्याची बाहुली तशीच होती, पाठमोरी.

"तुला राहू दिलंय स्वयंपाकघरात," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "रोज बांधतेस, रोज मोडतेस. मला बघवत नव्हतं गं."

विबेके टेबलाच्या कडेने बोट फिरवत गेली. नमुनाघराची पद्धत तिला ठाऊक होती. कितीही मोठा नमुना असो, तो भागाभागांत बांधायचा, मधे न चिकटवलेला सांधा ठेवायचा, म्हणजे ट्रकमधून नेता येतो. लहानपणी बाबा तिला तो सांधा शोधायला लावायचे. इथे तो सापडेना. घर ज्या सपाट पाटीवर उभं होतं तीसुद्धा टेबलाला डकवलेली होती.

"बाबा, सांधा कुठे ठेवलात?"

ऑगेंनी घराकडे पाहिलं, मग हातांकडे. "विसरलोच की." जरा वेळाने म्हणाले, "नाही, विसरलो नाही. कुठे न्यायचं होतं ते?"

ती आईच्या स्टुलावर बसली. टेबलाच्या फटीत एक टाचणी अडकली होती. तिने ती काढली नाही.

"मी रविवारी जाते आहे," ती म्हणाली. "तुम्ही खोली घेतलीत तरी, नाही घेतलीत तरी."

"तुझी आई असं नसती म्हणाली."

"नसती म्हणाली."

ऑगेंनी या वेळी कॉफी मागितली नाही. खुर्चीचं चाक त्यांनी हाताने थोडं पुढे ढकललं, थोडं मागे घेतलं.

"हे तिथे नेता यायचं नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

"मूर्खासारखं बांधलं."

"छान बांधलंय, बाबा."

बाहेर डॉर्टेची सायकल फाटकातून गेली. ऑगेंनी बोटावरचा वाळलेला गोंद खरवडून काढला, बराच वेळ.

"त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

विबेके ती खोली पाहून आली होती. पलंग, न्हाणीघर, घंटेचं बटण, सगळं तिने नीट तपासलं होतं. खिडकी काही केल्या आठवेना.

"उद्या जाऊन बघू," ती म्हणाली, आणि पुढे "दोघं" असं जोडलं.