एकाच कोळशाला दात

“तुमचा मुलगा पोटभर जेवल्याशिवाय गोळी द्यायची नाही, आई. उपाशीपोटी घेतली तर औषध अंगाला लागतच नाही,” डॉ. एबोंग यांनी हे तिसऱ्यांदा सांगितले.

आमोलो म्हातारीने चुलीतले लाकूड मागे ओढले. पातेल्यातला नाचणीचा उंडा अर्धवट शिजलेला होता. तो तसाच सोडून ती उठून उभी राहिली.

“ऐकलं. बहिरी नाहीये मी. पण माझ्या हातचं अन्न आणि तुझ्या हातचं औषध एका पोटात जायचं नाही. बावीस वर्षं गेलं नाही, आज कसं जाईल?”

रुग्णालयाच्या आवारात आंब्याखाली रोग्यांच्या नातलगांच्या सात-आठ चुली पेटल्या होत्या. इतर चुलींवरचे हात थांबले. आमोलोचा धाकटा मुलगा ओकुल्लो खोडाला टेकून बसल्या जागी झोपी गेला होता. त्याचे वय सव्वीस. महिन्यापूर्वी तो नांगराच्या तासातच झोपू लागला, तेव्हा भावजयांनी त्याला आळशी ठरवले. काल त्याच्या रक्ताचा थेंब एबोंग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि निद्रारोगाच्या वळवळत्या जंतूंना तत्क्षणी ओळखले. दलदलीकाठची माशी ते गुरांतून माणसांत आणते. रक्तातून ते मेंदूत जातात, दिवसाची झोप वाढत जाते आणि उपचार न झाल्यास माणूस त्या झोपेतून परत येत नाही. या नियमाला अपवाद झालेला रोगी एबोंग यांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्यांच्या आयुष्याचा वृत्तान्त थोडक्यात सांगण्यासारखा आहे. येथून आठ मैलांवरच्या गुराख्याच्या घरी जन्म, कंपाला येथे शिक्षण, दोन वर्षे परदेश. आणि मग रोग येथे आहे म्हणून येथेच परत. त्यांनी दलदलीत निळ्या कापडाचे सापळे लावले, त्यांत सापडलेल्या माश्या मोजल्या, बाजारात विकायला आलेल्या गुरांचे रक्त तपासले आणि अठ्ठावीस शोधनिबंध लिहिले. लोक त्यांना आदराने पण थोडे हसत ‘माशीचा डॉक्टर’ म्हणत.

गोळ्या येण्याआधीचे जुने औषध सोमलाचे, म्हणजे आर्सेनिक या विषाचे, होते. प्लास्टिक त्याने विरघळे, म्हणून ते काचेच्याच पिचकारीने टोचावे लागे आणि शिरेतून जाताना जाळत जाई. शंभरांतले पाच रोगी त्या औषधानेच दगावत. रोग शंभरांतले शंभर नेतो, म्हणून हा हिशेब सर्वांनी मान्य केला होता. आमोलोचा थोरला मुलगा ओगवाल बावीस वर्षांपूर्वी त्या औषधाच्या पाचव्या दिवशी गेला. ‘रोगाने मृत्यू’ अशी नोंद एबोंग यांनी स्वतःच्या हाताने केली होती.

“सर, मी देते ना गोळी,” परिचारिका आचिओ हलकेच म्हणाली. “आई, मी तर तुमच्या घरातलं कुणी नेलं नाही ना?”

“हात तुझा असेल, पोरी. औषध त्याचंच.”

तेवढ्यात आमोलोचा दीर ओलेत काठी टेकत पुढे आला. तो कुळातला वडीलधारा होता आणि चार शब्दांच्या जागी दोनच वापरणारा म्हणून प्रसिद्ध होता.

“वहिनी, पोरगं मरेल.”

“मरू दे म्हणते का मी? माझंच आहे ना ते! रीत मोडून दिलेलं तोंडात घातलं तर याचंही तसंच होईल. मग तुम्हीच म्हणाल, म्हातारीला कळत नव्हतं का.”

“मग कोळसा चावा. दोघांनी.”

आवारात कुजबुज झाली. येथल्या लांगो लोकांत एका घराच्या हातून दुसऱ्या घराचा माणूस गेला, की दोन्ही घरे एकमेकांचे अन्न-पाणी वर्ज्य करतात. वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी एकाच कोळशाला दात लावल्यावरच ते वर्ज्य उठते. मात्र आपल्या हातून झाले असे जो म्हणतो, त्यालाच कोळसा चावता येतो.

ओलेत एबोंग यांच्याकडे वळला. “बोल. ओगवालला रोगानं नेलं की तू नेलंस? रोगानं नेलं म्हणालास तर कोळसा नाही.”

आचिओ त्यांच्या कानाशी आली. “सर, म्हणून टाका की मीच. वेळेला काहीही बोलतात माणसं. गोळी पोटात गेल्याशी काम.”

हे तिने सद्भावनेने सांगितले होते. परंतु एबोंग यांना ते मान्य होईना, कारण खोटे बोलण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती. जे सांगायचे होते ते खरेच होते. त्या वेळी दहा दिवसांचा उपचारक्रम ठरलेला होता, राजधानीतून तपासनीस यायचे होते आणि रोगी क्रमांक एकेचाळीसच्या, म्हणजे ओगवालच्या, अंगात हिवतापाचा ताप होता. आधी ताप उतरवावा, मग सोमल टोचावा, हा नियम त्यांनी स्वतः शिष्यांना शिकवला होता. त्या सकाळी त्यांनी तापमापी पाहिली, खिशात ठेवली आणि पिचकारी भरली.

ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज व्याख्यान देताना असे तसाच समतोल होता.

“औषध टोचलं त्या दिवशी ओगवालला ताप होता. हिवताप. ताप असताना ते औषध द्यायचं नसतं. मला ठाऊक होतं, तरी दिलं. दोन दिवस थांबलो असतो तर कदाचित वाचला असता. रोगानं गेला असं मी लिहिलं. ते खोटं लिहिलं.”

आचिओने मान खाली घातली. पलीकडच्या चुलीवर भाजी करपू लागल्याचा वास आला, तरी तिथली बाई हलली नाही.

“बावीस वर्षं,” आमोलो म्हणाली. “बाजारात भेटायचास, मान लववून जायचास. मला वाटायचं, मोठा नम्र माणूस आहे.”

एबोंग चुलीपाशी येऊन उकिडवे बसले.

ओलेतने चुलीतून एक कोळसा बाहेर ओढला, मातीत विझवला, गार होऊ दिला. प्रथम एबोंग यांनी दात लावले. मग आमोलोने. तिला पुढचे दातच नव्हते. तिने तो कोळसा दाढेत धरून फोडला आणि थुंकली. ओलेत “झालं” म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

म्हातारीने लाकूड पुन्हा आत सारले. उंडा घोटून घट्ट केला, तिळाच्या वाटणातली पालेभाजी वाढली आणि मुलाच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

“ऊठ रे अजगरा!”

ओकुल्लोने डोळे उघडले, भोवतीची माणसे पाहिली. “एवढी गर्दी? माझं लग्न ठरवलंत की काय?”

“तुला कोण पोरगी देतंय? मांडवातच घोरायला लागशील. गीळ आधी.”

तो जेवला. दोनदा घास हातात घेऊनच पेंगला आणि दोनदा चिमटा खाल्ला. मग एबोंग यांनी पहिल्या दिवसाच्या गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याने एकेक करून सगळ्या गिळल्या. उलटी होत नाही ना, हे पाहण्यासाठी एबोंग घड्याळ लावून शेजारच्या दगडावर बसले. आज पहिला दिवस. अजून नऊ राहिले होते.

आमोलोने आणखी एक वाडगा भरला. तो हातात धरून ती एबोंग यांच्या दगडापाशी आली.

“ओगवाल गेला त्या दिवशी मी पीठ आणायला गावी गेले होते,” ती म्हणाली. “जाताना काही बोलला का?”

“पाणी मागितलं.”

“दिलं कुणी?”

“मी दिलं. थोडं प्यायला. उरलेलं तुमच्यासाठी ठेवा म्हणाला. तुम्ही उन्हातून चालत येणार म्हणून.”

म्हातारीने मान हलवली. वाडगा त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि त्यातला उंडा लहान वाटला म्हणून पातेल्यातला आणखी एक तोडून वर घातला.