नाचाच्या चौकातले दिवे

व्हिडिओ पसरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निखतला गावंडेसाहेबांचा फोन आला. मुलीचे वडील तिवश्याहून आलेत, चौकातच बसून आहेत आणि ज्यानं हे बांधलं त्याला बोलवा म्हणतात. गावंडे नवजीवन कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण तिच्याखाली थोडं समाधानही ऐकू येत होतं. असं काहीतरी होईल, हे ते पहिल्यापासून सांगत आले होते.

निखत आर्किटेक्ट, अकोल्यातच वाढलेली. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती, तिथे कचरा पडायचा. कुणालाही, केव्हाही, फुकट नाचता येईल अशी फरशी तिथे करायची, ही कल्पना तिची. वॉर्डाच्या निधीतून ती मंजूर करून घ्यायला तिनं कितीतरी हेलपाटे घातले होते. मग खालची काळी माती खोलवर काढायला लावली, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काम उखडून टाकते. मुरूम भरून दाबून घेतला. टाइल्स नको म्हणाली, सांध्यात पाय अडतो. वर घोटलेलं सिमेंट केलं. पायरी नाही, कठडा नाही, फाटक नाही. चारी बाजूंना बाक, चार कोपऱ्यांत दिव्यांचे खांब, आणि त्यांतल्या एकावर स्पीकर, त्याला कुणीही आपला मोबाइल जोडावा. लोक त्याला नाचाचा चौक म्हणायला लागले.

सुरुवातीला तिथे फक्त मुलं नाचली. मुली बाकांवर बसून पाहायच्या. निखत संध्याकाळी येऊन हे बघायची आणि खट्टू होऊन घरी जायची. मग एक दिवस आकांक्षा मोहोड तिच्या मैत्रिणींना घेऊन आली. त्या सगळ्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या, कॉलनीत खोली करून राहणाऱ्या मुली. गॅदरिंगच्या नाचाची तालीम करायला त्यांना जागा हवी होती. त्यांचं पाहून कॉलनीतल्या बायकाही हळूहळू उतरल्या.

आणि आता हा व्हिडिओ. कुणीतरी गुपचूप काढलेला, झूम करून सगळ्याजणींतून एकट्या आकांक्षाला जवळ घेतलेला, खाली घाण मजकूर लिहिलेला. मुलींच्या वर्गाच्या ग्रुपवरून तो रात्रीतून तिवश्याला पोचला होता.

निखत पोचली तेव्हा देवराव मोहोड गुडघ्यांवर हात ठेवून बाकावर बसले होते. पहाटेच्या बसनं आलेले, शर्ट चुरगळलेला. लांबच्या बाकावर आकांक्षा होती, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधलेला. मध्ये गावंडे आणि समितीचे तिघे-चौघे उभे. भिंत घालायची, फाटक लावायचं, किल्ली समितीकडे ठेवायची, हे त्यांचं आपसांत ठरूनही गेलं होतं. देवरावांनी वॉर्डाच्या साहेबांसमोर येऊन दोन शब्द सांगितले की काम झालं, असं गावंडे त्यांना समजावत होते.

देवरावांनी मान वळवून निखतकडे पाहिलं.

"तुमीच बांधलं हे?"

"हो, काका."

"मंग मले सांगा, तो काढणारा कुठं बसला होता?"

ते निखतला माहीत नव्हतं. व्हिडिओ तिनं पाहिलाच नव्हता, पाहायचा नाही असं ठरवलं होतं. आता तिला तो त्या मुलीच्या बापाशेजारी उभं राहून पाहावा लागला. देवराव दुसरीकडे बघत राहिले. तिनं मजकुरावर अंगठा ठेवला आणि फक्त मागचं बघितलं. मागे कडुनिंब दिसत होता आणि स्पीकरचा खांब त्याच्या डावीकडे. ती चालत चालत एकेका बाकाशी थांबत गेली. निंब आणि खांब जिथून तसेच दिसले, त्या बाकापाशी ती उभी राहिली. गल्लीच्या बाजूचा, अगदी दर्शनी बाक.

म्हणजे तो लपलेला नव्हता. आरामात सगळ्यांच्या मध्ये बसला होता. तरी कुणाला दिसला नाही.

तिनं वर पाहिलं. चारी खांबांवरचे फोकस तिनंच आतल्या बाजूला वळवून घेतले होते. नाचणाऱ्याला पायाखालचं नीट दिसावं, एवढाच विचार केला होता. रात्री सगळा उजेड मुलींवर पडला आणि बाकांवर बसलेला माणूस अंधारात राहिला.

गप्प राहिली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण देवराव उत्तराची वाट पाहत होते.

"इथं बसला होता," ती म्हणाली. "आणि माझ्यामुळे दिसला नाही. दिवे मी चुकीचे लावले."

गावंडे लगेच बाकीच्यांकडे वळले. बाई स्वतःच कबूल करतात, आता आणखी काय हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. निखतचे कान तापले. देवराव उठले, आकांक्षाजवळ गेले आणि सामान बांध म्हणाले, परीक्षा द्यायला तेवढी येजो.

आकांक्षा जागची हलली नाही. स्कार्फच्या आतून तिचा आवाज दबका आला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मी घरी आली तं तो इथंच बसून राहीन, बाबा. दुसरीचा काढन."

देवरावांनी मान वर करून खांबांवरच्या दिव्यांकडे पाहिलं. मग वळून निखतला विचारलं, हे दिवे फिरवता येतात का? येतात, ती म्हणाली. आज? गावंडे म्हणाले, त्याला परवानगी लागते. निखतनं सांगितलं की काम अजून वॉर्डाकडे सोपवलेलं नाही, तिच्याच ताब्यात आहे, आणि वायरमन किशोरला फोन लावला.

दुपारभर किशोर शिडीवर होता. दोन फोकस बाकांकडे वळवले, एक गल्लीकडे, एक निंबाखाली. दिवेलागणीला ते लावून पाहिले. बसणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड घुसत होता, म्हणून किशोर पुन्हा चढला आणि तोंडं खाली केली. निखत फरशीच्या मधोमध उभी राहिली. एकेका बाकावर देवराव बसत गेले आणि प्रत्येक वेळी ती सांगत गेली, दिसता, काका. फरशीवर आता नुसता सांडलेला उजेड होता, पण पावलं कळत होती.

त्या संध्याकाळी गर्दी झाली, ती नाच बघायला नव्हे, काय होतं ते बघायला. गावंडे हाताची घडी घालून उभे. फरशी रिकामी. स्पीकर मुका. आकांक्षा वडिलांशेजारी बसून होती. तिची मैत्रीण पौर्णिमा दोनदा उठली आणि दोनदा बसली. निखतला वाटलं, संपलं हे.

तिसऱ्यांदा पौर्णिमा उठली ती थेट खांबाशी गेली. गाणं लागलं. ती एकटीच नाचू लागली, अवघडून, हात अंगाजवळ धरून. मग आणखी दोघी उतरल्या.

तेव्हा गल्लीच्या बाजूच्या बाकावर एकानं मोबाइल उचलला. तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. उजेडात त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं. पौर्णिमानं त्याला पाहिलं आणि ती थांबली. मग सगळ्यांनीच पाहिलं. गाणं चालू राहिलं.

देवराव उठले आणि फरशीवरून सरळ त्याच्याकडे चालत निघाले. निखत त्यांच्यामागे धावली. आता हात उठणार, मारामारी होणार आणि उद्या ही जागा बंद होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण देवराव त्या माणसाच्या शेजारी बाकावर बसले, अगदी खांद्याला खांदा लावून.

"कोणाचा हायेस तू?"

त्यानं नाव सांगितलं नाही. मी सहज काढून राहिलो, म्हणाला, जागा सार्वजनिक आहे.

"हाये ना," देवराव म्हणाले. "म्हणून तं तू साऱ्याइले दिसून राहिला."

त्यांचे हात गुडघ्यांवरच होते. त्या माणसानं भोवती पाहिलं. बाकांवरचा प्रत्येक चेहरा त्याच्याकडे वळलेला होता. गावंडेंनी त्याला ओळखलं, पलीकडच्या गल्लीतला होता तो. त्यांनी त्याला नावानं हाक मारली आणि मोबाइल खिशात ठेव म्हणाले. त्यानं ठेवला. थोडा वेळ उगाच बसला आणि निघून गेला. आधीचा व्हिडिओ त्यानंच काढला होता का, ते कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आकांक्षा त्या दिवशी नाचली नाही. देवराव एकटेच बसस्टँडवर गेले. जाताना मुलीशी फार बोलले नाहीत, निखतला मात्र म्हणाले की भिंतीचं पुन्हा निघालं तर मले फोन करजा. ते निघालंच. समितीनं विषय सोडला नाही, फक्त दिवाळीनंतरपर्यंत पुढे ढकलला.

आकांक्षा फरशीवर उतरली ती पुढच्या आठवड्यात, मागच्या ओळीत, मैत्रिणींच्या आडोशानं. स्कार्फ गळ्यात होता. नाचता नाचता मान वळवून ती बाकांकडे बघायची, ताल चुकायचा, पुन्हा धरायची. निखत बाकावर बसून होती. आकांक्षाची नजर तिच्यापाशी आली तेव्हा निखतनं हात वर केला. आकांक्षानं तो पाहिला, मान हलवली, आणि तिची नजर पुढच्या बाकाकडे गेली.