शिगेचं चिपटं

मी चिपटं बोलतोय. धान्य मोजायचं पितळी माप. ओंजळभर दाणे मावतात, एवढाच माझा जीव. जास्त बोलायची सवय नाही. थकलोय, म्हणून एकदा सांगून टाकतो.

जालन्याच्या कासाराने मला घडवलं आणि टेंभुर्णीच्या बाजारात विकलं. चांगुणाबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला दिलं. तेव्हापासून मी आष्टीजवळ, तिच्या सासरी. पुढे बाजारात किलो आला आणि तिथला माझा मान गेला. घरात मात्र रोज कामाला होतो.

चांगुणाबाई मला भरताना काठावर कधी थांबली नाही. वर दाण्यांचा ढीग रचायची, तो घरंगळू लागला की मगच हात थांबायचा. त्या ढिगाला शीग म्हणतात. सपाट माप देणं तिला हलकेपणाचं वाटे. आणि घरात लेकरांनी आधी जेवायचं, मोठ्यांनी मागून. हा तिचा दुसरा नेम. दोन्हींचा मला अभिमान होता.

१९९१ साली तिने पाझर तलावाच्या कडेला बदकं पाळली. गाव हसलं. तिचे मालक तातेराव सगळ्यांत जास्त हसले.

"गावातल्या कोंबड्या मेल्या होत्या का?"

"कोंबड्या तुमच्यासारख्याच. पाणी दिसलं की पळत्यात," ती म्हणाली.

चाळीस माद्या होत्या. वर्षभर अंडी चांगली आली. मग कवच पातळ झालं. पुढे तर नुसती मऊ पिशवी, उचलली की फुटायची. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर संपतराव येऊन बघून गेले.

"बाई, यांना चुना कमी पडून राह्यला. शिंपले कुटून घाला. चाळिसांना मिळून रोज एक चिपटं. वरून हात फिरवून, सपाट. पिल्लांना बिलकुल न्हाई."

"बराबर," चांगुणाबाई म्हणाली.

तिचं 'बराबर' मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ ऐकलं, एवढाच. मानलं असा नाही.

दुधनेच्या पात्रातून शिंपले आणले, उखळात कुटले. पंधरा दिवसांत अंडी टणक झाली. त्यातली काही शेजारणीच्या तीन कोंबड्यांखाली उबवायला ठेवली, महिन्याभराने बदकाची बावीस पिल्लं निघाली. ती लेकीसाठी होती. नंदा अंतरवाली सराटीला नवी सून. "माझ्या आईच्या हातची बदकं आणते," असं तिने सासरी सांगून ठेवलं होतं. दिवाळीला न्यायला येणार होती.

चांगुणाबाईने माझ्यावर शिंपल्याच्या चुऱ्याची शीग रचली आणि आधी पिल्लांच्या खाण्यात कालवली.

"अगं, डॉक्टर नको म्हणला ना?" तातेराव म्हणाले.

"आईनं खायचं अन् लेकरानं बघत बसायचं? आपल्यात असं असतंय का?"

काठ माझा होता, थांब म्हणायचं काम माझं होतं. पण माझं तोंड भरलेलं होतं.

रोज तेच चाललं. तीन आठवडे झाले तरी पिल्लं वाढेनात. मग पाय दुमडून बसू लागली. पाणी समोर असून त्यांना तिथवर जाता येईना. संपतराव पुन्हा आले.

"पिल्लाला काय कवच करायचंय, बाई? चुना जास्ती झाला की दुसरे क्षार अंगाला लागत न्हाईत. मंग हाडं धरत न्हाईत. किती घातलं?"

चांगुणाबाईने माझ्या काठावर हाताने शीग दाखवली. त्यांनी चुरा बंद करायला लावला, गव्हाचा कोंडा सुरू करायला सांगितलं.

तेरा पिल्लं गेली. नऊ उठली, त्यातलं एक लंगडत.

शेजारणींना तिने साथ आली म्हणून सांगितलं. दिवाळीला नंदा टोपली घेऊन आली.

"आई, बावीस म्हणली व्हतीस."

मला वाटलं, आता लेकीलाही साथच सांगेल. तिने नऊही पिल्लं टोपलीत ठेवली. मग मला चुऱ्याने भरलं, शीग रचली आणि काठावरून तळहात फिरवला. शीग खाली सांडली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"एवढंच. तेबी चाळिसांना मिळून, अन् अंडी घालायला लागल्यावर. त्याच्या आधी चिमूटबी न्हाई. मी ऐकलं न्हाई, तेरा मारली."

आणि रिकामं करून मलाही टोपलीत ठेवलं.

सासरी नंदाची सासू म्हणाली, "आईच्या हातची एवढीच का?"

"एवढीच. सांभाळते तर खरं," नंदा म्हणाली.

तिने सांभाळली. त्या नवांची पुढे साठ झाली. तिच्या हातून मी दहा वर्षं सपाट भरलो. तिच्या तळहाताने माझा काठ झिजला. आता सगळे क्षार घातलेलं तयार खाद्य पोत्यातून येतं, त्याचा डबा वेगळा. मी खिडकीत आहे, खिळे ठेवायला. चांगुणाबाई जाऊनही तीन वर्षं झाली.

मोडीत घालायचं असेल तर घाला. तक्रार नाही. फक्त माझ्यात पुन्हा लेकरांचं खाणं मोजू नका. ते मला सोसणार नाही.