त्या दिवशी लावलेला पंखा

मी एक जुने दप्तर आहे. माझी एक चेन अर्ध्यावर येऊन रुसते, खांद्यापाशी निळा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याला ठिगळ आहे. पण मित्रांनो, माझा तळ बघा. अजून कसा पक्का आहे! त्याचा मला थोडा गर्वच आहे, आणि तो का आहे हे सांगायलाच मी आज बसले आहे.

माझा जन्म एका लांबट, ठेंगण्या कारखान्यात झाला. कोणी माझे कापड बेतले, कोणी पट्टे शिवले. पण मला खरा आकार आला तो मावशीच्या टेबलावर. मावशी चिकटवण्याचे काम करायची. ती ब्रशने दोन्ही तुकड्यांवर सोल्युशन लावायची, बोटाने हलकेच चाचपायची आणि नेमक्या क्षणी एकावर एक दाबायची. मग लेकराला थोपटावे तशा माझ्या तळावर तिने दोन थापा मारल्या. त्या थापा मी अजून विसरले नाही. सोल्युशनचा वास मात्र फार उग्र होता. मावशी दिवसभर कपाळाला रुमाल आवळून काम करायची.

दुकानात मी आठवडाभर टांगून होते. तिथून मला एका बाईने नेले. तिचे कामच वेगळे होते. एखादी वस्तू बनते, विकली जाते, वापरली जाते आणि शेवटी टाकून दिली जाते. या सगळ्या प्रवासात कोणाचे भले होते आणि कोणाला त्रास सोसावा लागतो, हे ती शोधायची. आमच्या कंपनीने तिला दप्तरांचा असा शोध घ्यायला सांगितले होते. तिने मलाच पाठीवर घेतले आणि माझा माग काढत निघाली. कारखान्यातल्या लोकांनी तिचे नाव चौकशीबाई ठेवले.

कारखान्यात येण्याचा दिवस तिने आधी कळवला होता. मग काय विचारता! फरशी धुतली गेली, खिडक्यांची जळमटे गेली आणि मावशीच्या डोक्यावरचा पंखा मुकादमाने सकाळपासून सुरू ठेवला. चौकशीबाईने विचारले, पंखा आहे का, मास्क मिळतो का, काही त्रास होतो का. मावशीने सगळे चांगले असल्याचे सांगून टाकले. चौकशीबाईने वहीत लिहिले, ‘पंखा आहे. हवा खेळती.’ मित्रांनो, मी तिथे घडले तेव्हा तो पंखा एकदाही फिरला नव्हता. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण दप्तराला तोंड असते ते फक्त वह्या गिळायला.

दीड महिन्याने आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो वैतागला होता. एकाच खेपेतली दप्तरे तळाशी उकलून परत येत होती. चौकशीबाईने एका दप्तराची आतली पट्टी उलटून ते बनल्याची तारीख वाचली. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सगळ्यांवर एकच तारीख होती. ती स्वतः कारखान्यात गेली होती, तोच तो दिवस.

या वेळी ती न कळवता कारखान्यात गेली. पंखा बंद होता. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मावशीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, मला एक तळ चिकटवायला शिकवा. वासाने तिचे डोळे चुरचुरले, म्हणून तिने उठून पंखा लावला. मग तुकडे दाबले. ते चिकटले आणि लगेच सुटले. मावशी पदर तोंडाला लावून हसली.

“अहो ताई, वाऱ्यानं सोल्युशनवर साय धरते. मग ते कसलं चिकटतंय? पंखा आम्हीच बंद ठेवतो. नाहीतर सगळा माल उसवून पुन्हा करावा लागतो.”

“मग मी आले त्या दिवशी?”

“तुमच्यासाठीच तर लावला होता,” मावशी म्हणाली. तिचे हसू ओसरले. “डोकं रोज दुखतं हो. घरी नात हौसेनं धडा वाचून दाखवायला येते. दोन ओळीसुद्धा सहन होत नाहीत मला. जा, बाहेर जाऊन वाच म्हणते. आता ती येतच नाही जवळ.”

चौकशीबाईने वही काढली आणि आपलीच ओळ खोडली. मला तिचा फार अभिमान वाटला. स्वतःचे अक्षर खोडायला हात जड होतो, हे दप्तराइतके कोणाला ठाऊक असणार?

चौकशीबाईने उपाय सुचवला तेव्हा कारखान्याच्या मालकाने आधी बरेच आढेवेढे घेतले. पण परत आलेल्या दप्तरांचा ढीग पाहून तो नरमला. मावशीच्या टेबलामागे भिंतीत एक यंत्र बसले. ते वारा सोडत नाही, उलट वास मागच्या मागे ओढून बाहेर टाकते. आता तळही चिकटू लागले आणि मावशीलाही मोकळा श्वास घेता येऊ लागला.

काही महिन्यांनी चौकशीबाई मावशीच्या घरी गेली आणि मला तिच्या नातीला देऊन आली. पहिल्याच संध्याकाळी नात मला उघडून पुस्तक काढून उंबऱ्यापाशी घुटमळली. मावशीने हात धरून तिला जवळ बसवले. नातीने एक धडा वाचला, मग दुसरा. तिसरा सुरू करताना तिने भीतभीत आजीकडे पाहिले.

“वाच की,” मावशी म्हणाली, “मी ऐकतेय.”

पुढे चार वर्षे मी त्या मुलीच्या पाठीवर होते. तिने मला फेकले, चिखलात लोळवले, माझ्यावर शाई सांडली, आणि मी तिच्यावर मनापासून माया केली. आता मी माळ्यावर असते, जुनी पुस्तके सांभाळते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. पण आम्हाला घडवणारे हात आधी जपा. कधी अशा कोणाला भेटलात आणि ‘बरे चालले आहे ना’ असे विचारल्यावर त्याने घाईघाईने मान हलवली, तर लगेच उठू नका. त्याच्या हातातले काम थोडा वेळ आपल्या हाती घ्या.